आधी ऊन बघा, मग कॅमेरा काढा

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात वर्षातून दोनदा किरणोत्सव होतो. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी ते देवीच्या चरणांपर्यंत पोचतात, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. एखाद्या वर्षी क्षितिजावर ढग असतात, हवेत धूळ आणि बाष्प असतं, वाटेत एखादी इमारत आडवी येते, आणि किरण कमरेपाशीच विरून जातात. त्या काही मिनिटांसाठी कॅमेरे लावून बसलेल्यांना एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही: उजेडाला तारीख असते, वेळ असते आणि दिशा असते.

तारखांकडे नीट पाहिलं तर त्यातलं गणितही दिसतं. २१-२२ डिसेंबरला सूर्य आपल्या दक्षिण टोकाला असतो. त्याच्या साधारण ४१ दिवस आधी तो जिथे मावळतो, तिथेच ४१ दिवसांनी परतीच्या वाटेवर पुन्हा मावळतो. देऊळ बांधणाऱ्यांना हे ठाऊक असणार. आजचा फोटोग्राफर मात्र मे महिन्यात रायगडावर जागा हेरून येतो, डिसेंबरात जोडपं घेऊन जातो, आणि सूर्य भलत्याच डोंगरामागे बुडताना पाहतो. आपल्या अक्षांशावर मावळतीची जागा वर्षभरात पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५-२५ अंश सरकते. म्हणजे एकूण ५० अंश. फोनमधलं होकायंत्र आणि सूर्याची वाट दाखवणारं एखादं मोफत अ‍ॅप एवढ्यावर ही चूक टळते.

फोटो आणि व्हिडिओच्या ‘टिप्स’ आज हव्या तितक्या मिळतात. अडचण अशी की त्यातल्या बऱ्याचशा उत्तरेकडच्या थंड देशांत जन्मलेल्या असतात. तिथलं ऊन तिरकं, संध्याकाळ लांबलचक, पाऊस भुरभुरता. आपल्याकडे ऊन डोक्यावर, संध्याकाळ घाईची, पाऊस चार महिने, विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा आणि कार्यक्रम ढोल-ताशाचा. महाराष्ट्रात चांगलं चित्र मिळवायचं तर महाराष्ट्राच्या हवामानाशी आणि माणसांशी जमवून घ्यावं लागतं. महागडी लेन्स त्यानंतर.

सुरुवात संध्याकाळपासून करू. सूर्य क्षितिजापासून ६ अंशांवर आला की ऊन सोनेरी आणि मऊ होतं. तिथून मावळेपर्यंत मुंबई-पुण्यात जेमतेम २५ ते २८ मिनिटं मिळतात. लंडनमध्ये मार्चमध्ये हाच काळ ४० मिनिटांच्या आसपास असतो, जूनमध्ये पाऊण तासाच्याही पुढे जातो. कारण साधं आहे: आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, तिकडे तिरका घसरत जातो. त्यामुळे ‘सोनेरी तास’ हा शब्द वाचून साडेपाचला मेकअप सुरू करणाऱ्या जोडप्याच्या हाती जानेवारीत फारसं काही लागत नाही. आपल्याकडे त्याला सोनेरी पंचवीस मिनिटं समजावं. कपडे बदलणं, केस, जागा, उभं राहण्याची पद्धत हे सगळं त्याआधी उरकलेलं हवं. सूर्य बुडाल्यावर आणखी वीस-बावीस मिनिटं निळसर उजेड राहतो. पणत्या, आकाशकंदील, दीपमाळ यांचे फोटो त्या वेळेतच निघतात, कारण तेव्हा आकाशाचा आणि दिव्यांचा उजेड जवळपास सारखा होतो. गडद अंधार पडल्यावर काढलेल्या फोटोत दिव्याची ज्योत पांढरीफटक आणि बाकी सगळं काळं दिसतं.

आपल्या पूर्वजांचा गोरज मुहूर्त नेमका या उजेडात येतो. लग्नाचे फोटो महत्त्वाचे वाटत असतील तर मुहूर्त ठरवतानाच हे लक्षात घ्यावं, एवढी सूचना प्रत्येक यजमानाला करण्यासारखी आहे.

पण मे महिन्यातला साडेबाराचा मुहूर्त टळत नाही, हेही खरंच. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे महाराष्ट्रात वर्षातून दोनदा सूर्य थेट माथ्यावर येतो. कोल्हापुरात साधारण ६ मेला, पुण्यात १३-१४ मेला, मुंबईत १५-१६ मेला, नागपुरात २६ मेच्या सुमारास. त्या दिवशी भर दुपारी उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते, आणि माणसाच्या कपाळावर ऊन पडून डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. भुवया, नाक, हनुवटी यांच्या सावल्या चेहरा ओरबाडल्यासारखा करतात. अशा वेळी वधू-वरांना हिरवळीवर उभं करणं म्हणजे शिक्षाच. त्यांना मांडवाच्या कडेला, ओसरीत, पडवीत, कमानीखाली न्यावं. चेहरा आतल्या अंधाराकडे न ठेवता बाहेरच्या मोकळ्या उजेडाकडे वळवावा. सावलीच्या काठापासून दोन-तीन फूट आत उभं केलं की आकाशाचा पसरलेला उजेड समोरून चेहऱ्यावर येतो आणि डोळ्यांत चमक उतरते. समोर जमिनीवर पांढरी चादर पसरली तर खालच्या सावल्याही भरतात. मालिकांच्या सेटवरचे लाइटमन याच कामासाठी थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून उभे असतात. दुकानात तो अगदी स्वस्तात मिळतो आणि शेकडो शूटना पुरतो.

जमीनही रंग देते. कोकणात जांभ्या दगडाच्या अंगणात उभ्या केलेल्या माणसाच्या हनुवटीखाली तांबूस झाक येते. पावसाळ्यात गवतावर बसवलं की गालावर हिरवट छटा चढते. हे डोळ्याला कळत नाही, फोटोत कळतं. तिथेही पांढरं कापड मदतीला येतं.

उजेडाला असं वळवण्याची विद्या मराठी माणसाला नवी नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी आपले सहकारी दामले यांच्या मदतीने १९१८ च्या सुमारास स्वतःचा चित्रपट-कॅमेरा बनवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. पेंटर मूळचे चित्रकार आणि शिल्पकार. छाया-प्रकाशाचा विचार त्यांच्या हातात आधीपासून होता, आणि परावर्तक वापरून, पुढे १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम दिवे वापरून, त्यांनी तो पडद्यावर आणला. त्या काळातल्या जड, हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याशी तुलना केली तर आज खिशातल्या फोनला अंधारातही कितीतरी जास्त दिसतं. उजेड कुठून येतोय आणि तो कुठे पोचत नाहीये, हे मात्र आजही माणसालाच बघावं लागतं.

कॅमेरा उजेड मोजतो तेव्हा समोरचं दृश्य मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. आपल्याकडे त्याची सतत फसगत होते. पंढरीच्या वाटेवर पांढरी धोतरं, पांढरी बाराबंदी आणि पांढऱ्या टोप्या यांनी चौकट भरली की कॅमेऱ्याला वाटतं दृश्य फार उजळ आहे, तो ते दाबतो, आणि वारकऱ्यांचे उन्हाने रापलेले चेहरे काळवंडून जातात. अशा वेळी एक्स्पोजर मुद्दाम वाढवावं लागतं, साधारण अर्ध्यापासून एका स्टॉपपर्यंत. फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर तिथे अडकून राहतात. मग बोट वर-खाली सरकवून उजेड ठरवता येतो. आकाश थोडं पांढरं झालं तरी चालेल, चेहरा दिसला पाहिजे. सावळ्या माणसाला फोटोत गोरं करण्याचा जो फिल्टर आज सर्रास लावला जातो, त्याची गरज उरत नाही. सावळी त्वचा नीट उजेडात अतिशय देखणी दिसते. ती पुसून टाकणारा फोटोग्राफर आपल्याच कामाचा अपमान करतो.

उलट अडचण लाल रंगाची. शालू, कुंकू, झेंडूची तोरणं, हळदीचा मांडव. हे गडद रंग कॅमेऱ्याला एकदम भरून टाकतात. एकूण चित्र ठीक वाटतं, पण लाल रंगाचा तपशील जळून जातो आणि शालूवरची जर, पदरावरचे मोर सपाट ठिपके होऊन बसतात. कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा असे वेगळे आलेख दाखवणारा हिस्टोग्राम असतो. लाल आलेख उजव्या भिंतीला टेकला की एक्स्पोजर कमी करावं. हळदीच्या समारंभात हा एवढा एक आलेख बघितला तरी अर्धं काम होतं.

आता कार्यालयातला उजेड. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा आहे, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, व्हिडिओत मात्र आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात. यावर उपाय म्हणजे व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमने आणि शटर १/५० किंवा १/१०० वर. बऱ्याच फोनमध्ये मुळात ३० फ्रेमची मांडणी असते आणि २५ चा पर्याय सेटिंगमध्ये शोधावा लागतो. तो मिळाला नाही तर निदान शटर १/५० किंवा १/१०० ठेवावं. स्टेजमागच्या एलईडी भिंतीचं गणित वेगळं असतं. तिथे शटर थोडंथोडं बदलत पट्टे नाहीसे होईपर्यंत बघावं लागतं, आणि ही तपासणी पाहुणे यायच्या आधी करायची असते.

लग्नातला सर्वांत अवघड क्षण कोणता? सप्तपदी नव्हे, कन्यादान नव्हे. अंतरपाट दूर होण्याचा. मंगलाष्टकं कितीतरी मिनिटं चालतात आणि अंतरपाट क्षणार्धात बाजूला होतो. त्याच क्षणी अक्षता उडतात, वाजंत्री सुरू होते, आणि पुढच्या रांगेतले पंधरा-वीस हात फोन घेऊन वर येतात. ज्यांना हा क्षण पकडायचा असतो ते आदल्या दिवशीच गुरुजींशी बोलून घेतात: अंतरपाट कोणत्या बाजूने ओढणार, किती अष्टकं म्हणणार, शेवटचं कोणतं. एक कॅमेरा वधूच्या चेहऱ्यावर, एक वराच्या, आणि तिसरा उंचावरून सगळ्या मांडवावर. एकटाच माणूस असेल तर त्याने दोघांच्या मधोमध, अंतरपाटाच्या रेषेत उभं राहावं, म्हणजे दोन्ही चेहरे बाजूने मिळतात. फोन वर करणाऱ्या मावशी-काकांना दटावण्याऐवजी मुहूर्ताआधी ध्वनिक्षेपकावरून घरातल्याच एखाद्या वडीलधाऱ्याने विनंती केली तर लोक आनंदाने ऐकतात.

चित्राबद्दल इतकं बोललं जातं, आवाजाबद्दल मात्र जवळजवळ काहीच नाही. खरं तर थोडं अंधुक चित्र प्रेक्षक सहन करतो, पण फाटका आवाज आला की व्हिडिओ बंद करतो. फोनचा माइक बोलणाऱ्यापासून सहा फुटांवर असेल तर तो आजीचा आवाज कमी आणि पंख्याची घरघर जास्त टिपतो. अंतर निम्मं केलं की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. महागडा माइक घेण्याआधी जवळ जाणं हा फुकटचा उपाय करून पाहावा. दुसरा फोन आजीच्या मांडीजवळ ठेवून त्यावर आवाज रेकॉर्ड करावा, सुरुवातीला दोन्ही फोनसमोर एक टाळी वाजवावी, आणि संकलनात त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवावेत. चित्रपटाच्या सेटवरची क्लॅपची पाटी हेच काम करते.

कॉलर माइक लावतानाही आपले स्वतःचे प्रश्न असतात. पैठणीचा पदर हलला की रेशमाची सळसळ माइकमध्ये शिरते. मंगळसूत्राची वाटी माइकवर आपटते. हातवारे करणाऱ्या बाईंच्या काचेच्या बांगड्या वाक्यावाक्याला किणकिणतात. माइक पदराला लावू नये, ब्लाउजच्या काठाला चिकटपट्टीने बसवावा, वायरीचा छोटा वेढा करून तीही चिकटवावी. मंगळसूत्र काढायला सांगू नये. ते माइकच्या खाली येईल अशी जागा निवडावी. मुलाखतीच्या खोलीत पंखा बंद, फ्रिज बंद, मोबाइल विमान-मोडवर. कुकर शिजून झाला आहे की नाही, हे आधी विचारून घ्यावं. बोलणं संपल्यावर तीस सेकंद कुणीही न बोलता खोलीतली शांतता रेकॉर्ड करावी. संकलनात वाक्यांमधले सांधे भरायला तीच लागते, आणि हे काम जवळजवळ सगळे विसरतात.

मिरवणुकीत उलटी स्थिती. ढोल-ताशाचा आवाज इतका प्रचंड असतो की फोन आपोआप पातळी ठरवायला जातो, ढोलाचा प्रत्येक ठोका पडला की आवाज दबतो आणि पुन्हा उसळतो. ज्यावर पातळी हाताने ठरवता येते असं रेकॉर्डर अ‍ॅप घ्यावं, सर्वांत मोठ्या ठोक्यालाही काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघावं, आणि पथकाच्या थेट समोर न राहता पंधरा-वीस पावलं बाजूला व्हावं. कानात बोळे घालावेत. सलग तासन् तास पथकासमोर काम करणाऱ्यांच्या कानांना कायमची इजा होऊ शकते. कॅमेरा दुरुस्त होतो, कान नाही.

चांगला व्हिडिओ म्हणजे कॅमेरा फिरवत राहणं, हा समज मोडायला हवा. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली, तेव्हा कॅमेरा एका जागी रोवलेला होता आणि पैलवान हलत होते. आजही बहुतेक वेळा हेच बरोबर. प्रत्येक दृश्य निदान दहा सेकंद स्थिर धरावं. आधी जागा दाखवणारं लांबचं दृश्य, मग माणसाचं, मग हातांचं किंवा डोळ्यांचं. उकडीच्या मोदकाचा व्हिडिओ करायचा तर पूर्ण स्वयंपाकघर, मग आईचा चेहरा, मग पारी वळताना पाकळ्या काढणारी बोटं. या तीन प्रकारांतून हवं ते जोडता येतं. आडवं घ्यायचं की उभं, हे आधीच ठरवावं. दोन्ही लागणार असेल तर आडवं घेऊन मुख्य विषय मधोमध ठेवावा, नंतर कापता येतो.

धुंडिराज गोविंद फाळक्यांनी १९१२ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी एक छोटा चित्रपट केला. कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं आणि त्याचा वेल होईपर्यंत रोज थोडंथोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर वेल काही क्षणांत वाढताना दिसला आणि भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. आज ज्याला टाइम-लॅप्स म्हणतात ते हेच. हे तंत्र घरी करायला सोपं आहे, फक्त हिशेब आधी करावा. दर दहा सेकंदांनी एक फोटो, तासभर, म्हणजे ३६० फोटो. २५ फ्रेमने चालवले तर सुमारे साडेचौदा सेकंदांचा व्हिडिओ. सह्याद्रीवर चढणाऱ्या पावसाळी ढगांसाठी अंतर तीन-चार सेकंदांचं, रांगोळीसाठी दहाचं, कोंब फुटण्यासाठी पंधरा-वीस मिनिटांचं. कॅमेरा तिकाटण्यावर पक्का, फोकस आणि एक्स्पोजर अडकवलेलं, चार्जर लावलेला.

आणि पाऊस. महाराष्ट्राचं सर्वांत सुंदर चित्र आणि कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू, दोन्ही एकाच ढगातून येतात. पाऊस दिसावा असं वाटत असेल तर उजेड पावसाच्या मागून हवा आणि मागे काहीतरी गडद हवं: झाडी, कातळ, वाड्याचं दार. समोरून उजेड असेल तर भर पावसातही फोटो कोरडा येतो. १/५०० सेकंदाला थेंब गोठतात, १/६० ला रेघा होतात. ताम्हिणी-माळशेजच्या धबधब्यांना रेशमी पोत द्यायचा तर अर्ध्या सेकंदापासून दोन सेकंदांपर्यंत शटर आणि तिकाटणं लागतं.

पावसाळ्यात खरं नुकसान होतं ते घरात. कोकणात आणि घाटावर जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर असते. बंद पिशवीत ठेवलेल्या लेन्सवर बुरशी धरते, तिचे तंतू काचेवरचा लेप खातात आणि मग काच साफ करूनही डाग राहतो. लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवावी. त्यासाठी विजेवर चालणारी कोरडी पेटी मिळते. नाहीतर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक पुरतो. पुड्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये सुकवाव्यात, पण त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं घेऊ नये. चामड्याच्या सुंदर पिशवीत कॅमेरा ठेवू नये, चामडं ओल धरतं. वातानुकूलित गाडीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढला की काचेवर धुकं बसतं. तो पिशवीतच अर्धा तास बाहेर राहू द्यावा. आणि भिजलेला फोन तांदळात खुपसण्याचा घरगुती उपाय सोडून द्यावा. तांदळाची भुकटी भोकांत जाते. फोन बंद करून, भोकं खाली करून, वाऱ्यावर ठेवावा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जरला लावू नये.

पावसाळी दृश्यांच्या मोहात माणसंही जातात. जुलै २०२४ मध्ये माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी व्हिडिओ करताना एक तरुणी शेकडो फूट खोल दरीत कोसळली आणि दगावली. ओल्या कातळावरचं शेवाळ, मागे पाऊल टाकत पडद्याकडे बघणं आणि कडा, हे तिन्ही एकत्र आले की सुटका नसते. नियम एकच ठेवावा: कॅमेऱ्यात बघत असताना पाय हलवायचे नाहीत. चालायचं असेल तर कॅमेरा खाली. सोबतीला एक माणूस केवळ कडेवर लक्ष ठेवायला असावा.

वारीत शिकण्यासारखं खूप आहे. संदेश भंडारे यांचं ‘वारी : एक आनंदयात्रा’ हे पुस्तक पाहावं. चालणाऱ्या माणसाच्या उंचीवरून, चालणाऱ्यांच्यात मिसळून टिपलेली वारी त्यात आहे. याउलट उद्धव ठाकरे यांच्या ‘पहावा विठ्ठल’मध्ये तीच वारी आकाशातून दिसते. दोन्ही पाहिल्यावर कळतं की एकाच विषयाला किती अंतरांवरून भिडता येतं, आणि आपण नेमके त्या मधल्या, कंटाळवाण्या अंतरावर उभे असतो. दिवेघाटात पोचायचं तर पहाटेच वर चढून जागा धरावी. रिंगणात घोड्यासाठी शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान हवं. पण घोडा गेला म्हणून कॅमेरा खाली करू नये. टापांखालची माती कपाळी लावायला वारकरी झेपावतात, खरं चित्र तिथे असतं. एखाद्या दिंडीबरोबर दोन मुक्काम चालावं, नावं विचारावीत, पंगतीला बसावं. मग कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही. आणि इंद्रायणी-चंद्रभागेच्या घाटावर आंघोळ करणाऱ्या बायकांचे फोटो काढू नयेत. भक्तीच्या नावाखाली असे फोटो छापले जातात, ते थांबायला हवेत.

जंगलातही हाच संयम. मेअखेरीस आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात भंडारदरा, पुरुषवाडी परिसरात काजवे चमकतात ते जोडीदाराला साद घालण्यासाठी. फ्लॅश, टॉर्च, गाड्यांचे दिवे यांनी ती साद मोडते. काजव्यांचा फोटो फ्लॅशने निघतही नाही. तिकाटण्यावर पंधरा ते तीस सेकंदांचे अनेक फोटो घेऊन नंतर एकावर एक जोडायचे असतात. भिगवणला फ्लेमिंगो टिपताना नावाड्याला थवा उडवायला सांगू नये. नाव स्थिर ठेवून, कॅमेरा पाण्याच्या पातळीजवळ आणून वाट पाहावी. २०२४ सरता सरता उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली. त्याची दखल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून घेतली. त्या गाड्यांत बसलेल्यांच्या हातात कॅमेरे आणि फोन होते, हे फोटोग्राफरांनी विसरू नये.

परवानगीचं थोडक्यात. ड्रोनसाठी २०२१ चे नियम लागू आहेत. उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’वरचा नकाशा बघावा. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, पिवळ्या-लाल भागात परवानगी लागते. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला, आणि धंद्यासाठी नसेल तर २ किलोपर्यंतच्याही, पायलटचा परवाना लागत नाही, पण नकाशा सगळ्यांना बंधनकारक असतो. शिवाय मुंबईसारख्या शहरात पोलिसांचे वेगळे बंदी-आदेश निघत असतात. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत तिकाटण्याला परवानगी लागते, अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश चालत नाही. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणून कैलासासाठी दुपारनंतरची वेळ घ्यावी. सकाळी गेलात तर दर्शनी भाग सावलीत मिळेल.

दिवाळीतल्या आतषबाजीसाठी आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ८ ते एफ ११, शटर दोन ते चार सेकंद, फोकस हाताने दूरवर, वारा पाठीशी. सुरुवातीचे बाण टिपावेत, नंतर धूर साचतो. आणि सगळ्यात आधी फोनची लेन्स स्वच्छ रुमालाने पुसावी. फराळाच्या दिवसांत तिच्यावर चकलीच्या तेलाचा ठसा असतोच, आणि दिव्यांभोवती पसरलेलं ते तेलकट वलय कुठल्याही अ‍ॅपने पुसलं जात नाही.

शूट संपलं म्हणजे काम संपलं, असं बहुतेकांना वाटतं. फोर-के व्हिडिओ नव्या, दाबून साठवण्याच्या पद्धतीतही मिनिटाला सुमारे १७० एमबी जागा घेतो, म्हणजे तासाला १० जीबी. जागा भरली की माणूस घाईत काहीतरी पुसतो. म्हणून त्याच रात्री तीन प्रती कराव्यात: दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या घरी किंवा इंटरनेटवर. तीन प्रती होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही. पोकळ सावधगिरी म्हणून हे सांगितलेलं नाही. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी आज पहिलं आणि शेवटचंच उपलब्ध आहे, आणि तीही १९१७ च्या पुनर्निर्मितीची असावीत असं काही अभ्यासक मानतात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि मूकपटांच्या काळापासूनचं बरंच काही जळून गेलं. ज्यांच्या हाती कलेचा खजिना होता त्यांचीही ही गत झाली, तर एका फोनमध्ये ठेवलेल्या घरच्या आठवणींची काय कथा.

या सुट्टीत एक दुपार काढा. फोनमधले गेल्या वर्षीचे व्हिडिओ डिस्कवर घ्या. प्रत्येक फोल्डरला तारीख, गाव आणि त्यातल्या माणसांची नावं द्या. ती नावं ओळखणारी वडीलधारी माणसं घरात असतील, तर हे काम त्यांना शेजारी बसवूनच करा.